सिंगापूर–न्यूयॉर्क: अंतर ठरलेलं, मग उड्डाणाचे तास का बदलतात?

दिगंश (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी.

अमुक विमानतळापासून तमुक विमानतळ किती लांब आणि जायला किती तास लागतात, हे दोन प्रश्न आपण नेहमी जोडीने विचारतो. उत्तरही जोडीनेच मिळतं. अंतर काढा, विमानाच्या ताशी नऊशे किमी वेगाने भागा, झालं. दोन-तीन तासांच्या उड्डाणाला हे चालून जातं. अर्धी पृथ्वी ओलांडणाऱ्या उड्डाणांना मात्र हा हिशेब फसतो, आणि तो का फसतो यावर सविस्तर चर्चा व्हावी असं फार दिवस मनात होतं.

उदाहरणासाठी सिंगापूरचं चांगी आणि न्यूयॉर्कचं केनेडी ही जोडी घेऊ. नियमित विनाथांबा प्रवासी सेवांमध्ये सर्वांत लांब अंतर याच जोडीचं: १५,३४९ किलोमीटर. जोडी निवडायला आणखी एक कारण आहे. चांगीचे रेखांश साधारण १०४ पूर्व आणि केनेडीचे ७४ पश्चिम. बेरीज १७८. म्हणजे दोन्ही विमानतळ पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर बसलेत, आणि त्यामुळे अंतर कागद-पेन्सिलीने काढता येतं.

चांगीचे अक्षांश १.३६ उत्तर, म्हणजे तिथून उत्तर ध्रुव ८८.६४ अंशांवर. केनेडी ४०.६४ उत्तर, म्हणजे ध्रुवापासून ४९.३६ अंश. बेरीज १३८ अंश. एका अंशाला ६० सागरी मैल धरले तर ८,२८० सागरी मैल, आणि एका मैलाला १.८५२ किमी धरून १५,३३५ किमी. नोंदीतल्या आकड्याच्या अगदी जवळ. त्रिकोणमिती नाही, संगणक नाही.

याचा अर्थ असा की या दोन विमानतळांमधला सर्वांत जवळचा रस्ता उत्तर ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जातो. थेट ध्रुवावरून गेलं तरी जेमतेम पाच किमी वाढतात.

आणि तरीही विमानं सहसा तिथून जात नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये नेवार्कची विनाथांबा सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा कंपनीने स्वतःच अंतर सुमारे १६,७०० किमी आणि वेळ पावणेएकोणीस तासांपर्यंत, असं जाहीर केलं होतं. (नेवार्क न्यूयॉर्कच्याच परिसरातलं, केनेडीपासून फार लांब नाही, त्यामुळे तुलना चालते.) सर्वांत जवळचा रस्ता सोडून तेराशे-चौदाशे किमी जास्त उडायचं, तेही जिथे इंधनाचा थेंब न थेंब मोजावा लागतो अशा उड्डाणात!

माझं म्हणणं थोडक्यात असं: अंतर हा नकाशावरच्या दोन बिंदूंचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर एकच. वेळेचा प्रश्न विचारताना मात्र कोणत्या दिशेने, कोणत्या महिन्यात, कोणत्या विमानाने आणि कोणत्या देशांच्या आकाशातून हे सांगितल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. अनुभवी मंडळींनी भर घालावी.

---

नकाशावेडा:

छान धागा. अंतराबद्दल थोडी भर.

सर्वांत जवळचा रस्ता ध्रुवाकडे का वळतो हे भिंतीवरच्या नकाशात कधीच पटत नाही, कारण तो नकाशा बहुतेक वेळा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो. १५६९ मध्ये मर्केटरने तो जहाजांसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर रेषा सरळ दिसावी, हा त्याचा हेतू होता आणि तो पूर्ण झाला. पण त्या सरळ रेषा म्हणजे जवळचा रस्ता नव्हे. पृथ्वीचा गोल घ्या, दोन विमानतळांवर दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल तो बृहद्वृत्ताचा मार्ग.

ऑस्ट्रेलियातलं सिडनी आणि चिलीतलं सांतियागो घ्या. दोन्ही ३३-३४ अंश दक्षिणेला. भिंतीवरच्या नकाशात पॅसिफिकवरून सरळ पूर्वेला रेघ मारावीशी वाटते. त्या अक्षवृत्तावरून गेलं तर सुमारे १२,८०० किमी होतात. बृहद्वृत्तावरून ११,३४० किमी. हा मार्ग वाटेत ६० अंश दक्षिणेच्याही खाली उतरतो, म्हणजे अंटार्क्टिकाच्या दिशेने.

आणि दिगंश, तुमच्या १५,३३५ मध्ये जे चौदा किमी कमी पडले ते पृथ्वीच्या आकारामुळे. ती पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाकडे ६,३५७. सरासरी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरून सूत्राने काढलं तर १५,३४० येतात, चपट्या गोलाचं गणित लावलं की १५,३४९. म्हणून वेगवेगळ्या संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर त्यात कुणाचं काही चुकलेलं नसतं.

---

शंकासूर:

एक बाळबोध शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानाला मुक्कामाचं ठिकाण स्वतःहून जवळ येत नाही का? प्रत्यक्षात तर उलटं दिसतं, पश्चिमेकडे जायलाच जास्त वेळ लागतो.

---

दिगंश:

शंका बाळबोध नाही, सगळ्यांना येते. पृथ्वी फिरते तेव्हा हवाही तिच्याबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. विषुववृत्तावर जमिनीचा फिरण्याचा वेग ताशी १,६७० किमीच्या आसपास आहे. हवा मागे राहत असती तर आपल्याला जमिनीवर उभंसुद्धा राहता आलं नसतं.

विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो. नदीत वल्हवणाऱ्या नावाड्यासारखं समजा. त्याचे हात तितकंच काम करतात, पण काठावरून पाहणाऱ्याला प्रवाहाच्या दिशेने जाणारी नाव भरधाव दिसते आणि उलट जाणारी रखडताना दिसते.

मध्य अक्षांशांत वरच्या थरातला हा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो इथे. विषुववृत्ताकडची तापलेली हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या फरकाने वारा सुटतो आणि पृथ्वीच्या परिवलनाने तो पूर्वेकडे वळतो. तोच जेट प्रवाह. हिवाळ्यात तापमानाचा फरक वाढतो, तसा प्रवाहही जोर धरतो.

---

जुनी_पाने:

जेट प्रवाहाचा विषय निघालाच आहे तर त्याच्या शोधाची हकीकत सांगतो. हे नाव फारच थोड्यांना माहीत असतं.

जपानमध्ये तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेतला वारा मोजत होते. हिवाळ्यात वर जबरदस्त पश्चिमी वारे वाहतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते १९२६ मध्ये प्रसिद्धही केलं, पण एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत. जगभरच्या शास्त्रज्ञांना वाचता यावं म्हणून त्यांनी ती भाषा निवडली, आणि त्या भाषेमुळेच ते फारसं कुणी वाचलं नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर उंचावरून जाऊ लागली तेव्हा वैमानिकांना हा वारा प्रत्यक्ष भेटला. समोरून वारा आला की विमान जमिनीच्या हिशेबात जागेवरच थांबल्यासारखं, पाठीमागून आला की बॉम्ब नेम धरून टाकता येऊ नये इतका वेग. त्याच युद्धात जपानने याच वाऱ्यावर नऊ हजारांहून अधिक बॉम्ब बांधलेले फुगे पॅसिफिक पार अमेरिकेकडे सोडले होते.

माणसाने हा वारा आधी मोजला, मग त्याचा शस्त्रासारखा वापर केला आणि मग वेळापत्रकात बसवला, हा क्रम मला नेहमी अस्वस्थ करतो.

---

गणिती_कीडा:

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. जाताना वारा विरुद्ध, येताना बरोबर, म्हणजे फिटंफाट, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही.

समजा अंतर ९,००० किमी, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००, वारा ताशी १००. वारा नसता तर दहा आणि दहा, वीस तास. वाऱ्याबरोबर ९,००० भागिले १,००० म्हणजे ९ तास. वाऱ्याविरुद्ध ९,००० भागिले ८०० म्हणजे सव्वाअकरा तास. बेरीज सव्वावीस. वारा दोनशे धरा: ८ तास ११ मिनिटं आणि १२ तास ५१ मिनिटं, एकूण २१ तासांहून जास्त. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो, म्हणून त्याचं नुकसान फायद्यापेक्षा नेहमीच मोठं. वारा स्थिर असेल आणि जायचा-यायचा मार्ग एकच असेल, तर जाण्या-येण्याचा मिळून एकूण वेळ वाऱ्यामुळे कधीच कमी होत नाही.

---

मेघवाट:

धागा आवडला म्हणून लिहितेय. मी विमान कंपनीत उड्डाण नियोजनाच्या कामात होते. तिथे हे सगळं प्रत्यक्ष कसं ठरतं ते सांगते.

प्रवाशाला वाटतं की दोन शहरांमध्ये आकाशात एक ठरलेला रस्ता आहे. लांब पल्ल्याला तसं नसतं. प्रत्येक उड्डाणाचा फ्लाइट प्लॅन त्या दिवशीच्या वाऱ्याच्या अंदाजावर नव्याने निघतो. संगणक शेकडो पर्याय तपासतो आणि प्रत्येकाचा वेळ आणि इंधन मांडतो. तिथे आम्ही जमिनीवरचं अंतर फारसं बघत नाही. हवेतून किती अंतर कापावं लागेल ते बघतो. जमिनीवर १६,००० किमी दिसणारा मार्ग मागून वारा असेल तर हवेत १५,००० च पडतो. नावाड्याचं उदाहरण वर आलंच आहे.

म्हणूनच सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं विमान ध्रुवाकडे न जाता पॅसिफिकवरून जाताना दिसतं. जपानच्या बाजूने वर चढून जेट प्रवाह पाठीशी घ्यायचा आणि उत्तर अमेरिकेत शिरायचं. रस्ता लांबतो, वेळ आणि इंधन वाचतं. परतताना त्याच वाटेने आलो तर तोच वारा छातीवर येईल, म्हणून परतीचा मार्ग कधी अटलांटिक आणि युरोपवरून, कधी उत्तरेकडून. हे रोज बदलतं.

उत्तर अटलांटिकवर तर समांतर मार्गांचा अख्खा संच रोज दोनदा नव्याने आखून प्रसिद्ध करतात. युरोपकडून अमेरिकेला जाणारी गर्दी दिवसा असते, अमेरिकेकडून युरोपला येणारी रात्री. म्हणून दिवसाचे मार्ग जेट प्रवाह टाळून आणि रात्रीचे तो पकडून.

वेगाबद्दलही सांगते. नऊशे हा आकडा येतो कुठून? मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीच्या आसपास उडतात. अकरा किमी उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी साधारण १,०६० किमी असतो, त्याचे ०.८५ म्हणजे नऊशे. पण हा वेगसुद्धा अख्ख्या प्रवासात एकसारखा ठेवत नाहीत. वारा विरुद्ध असेल तर जरा वाढवणं परवडतं, मागून असेल तर जरा कमी करून इंधन वाचवतात. शिवाय सुरुवातीला टाक्या भरलेल्या असताना विमान इतकं जड असतं की ते फार उंच जाऊच शकत नाही. इंधन जळत जाईल तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. अठरा तासांच्या उड्डाणात पहिल्या काही तासांचं बरंचसं इंधन हे पुढच्या तासांचं इंधन वाहून नेण्यातच जळतं. म्हणून अशा मार्गाला विमानही वेगळं लागतं. सिंगापूर एअरलाइन्सचं ए-३५०-९०० यूएलआर (म्हणजे अतिलांब पल्ल्याचं) बघा: १,६५,००० लिटर इंधन आणि आसनं फक्त १६१. यापूर्वी २००४ ते २०१३ या काळात त्यांनी हाच प्रवास चार इंजिनांच्या ए-३४०-५०० ने केला होता आणि मग थांबवला.

---

शंकासूर:

मेघवाट ताई, फार सुंदर समजावलंत. एक विचारू का? लांबचा रस्ता धरून खरंच लवकर पोचल्याचं एखादं ठळक उदाहरण आहे का, आकड्यांसकट?

---

मेघवाट:

आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जात असे, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. अंतर १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि तरी साधारण साडेचौदा तासांत विमान पोचलं. जवळजवळ दोन तासांची बचत. आधीच्या मार्गात समोरचा वारा होता, नव्या मार्गात पाठीमागचा.

दुसरं टोक पाहायचं तर फेब्रुवारी २०२० मधलं न्यूयॉर्क–लंडन. किआरा नावाच्या वादळामुळे जेट प्रवाह इतका जोरात होता की ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ चार तास छप्पन मिनिटांत पोचलं. जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला असा काहींचा समज झाला, पण हवेत ते आपल्या नेहमीच्याच वेगाने उडत होतं. अंतर भागिले नऊशे केलं तर तिथे सहा तासांहून जास्त येतात, आणि उलट दिशेला सात-आठ तास ही नेहमीची गोष्ट.

---

उत्तरायण:

वाऱ्याइतकाच मोठा दुसरा मुद्दा अजून आला नाही: आकाश कुणाचं आहे.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीपासून रशियाचं आकाश युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांच्या विमानांना बंद आहे. फिनलंडच्या फिनएअर कंपनीचा तर पायाच हेलसिंकीहून सायबेरियावरून पूर्व आशियात लवकर पोचवण्यावर उभा होता. टोकियोचं नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण तेरा तासांच्या घरात गेलं. कधी दक्षिणेकडून वळसा, कधी उत्तर ध्रुवावरून. दोन्ही विमानतळ जागच्या जागी आहेत, अंतराच्या संकेतस्थळावर आकडा तोच दिसतो, आणि प्रवास मात्र एक तृतीयांशाहून जास्त वाढला.

हे नवीनही नाही. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना जवळजवळ बंद होतं. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून टोकियोची सेवा ध्रुवाच्या बाजूने, अलास्कातल्या अँकरेजला थांबून सुरू केली. त्यानंतर कित्येक वर्षं युरोप–जपान प्रवास म्हणजे वाटेत अँकरेज, हे समीकरण होतं.

भारत–पाकिस्तानचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना ते पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेकडे उतरून अरबी समुद्र गाठावा लागतो.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते पर्थ–लंडन. २०१८ पासूनची सेवा, साधारण १४,५०० किमी. एप्रिल २०२४ मध्ये इराणच्या बाजूचं आकाश टाळायचं ठरल्यावर क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या पर्थहून निघणाऱ्या विमानाला सिंगापूरला इंधनासाठी थांबावं लागलं. लंडनहून पर्थला येणारं विमान मात्र विनाथांबाच राहिलं, कारण येताना वारा साथ देतो. एकाच जोडीत एका दिशेला थांबा आणि दुसऱ्या दिशेला नाही!

---

नकाशावेडा:

उत्तरायण यांच्या प्रतिसादाला +१. पर्थ–लंडनचं उदाहरण धाग्याच्या मथळ्यातच टाकायला हवं.

---

पैलतीर:

ध्रुवावरून जाण्यात वाऱ्याशिवाय आणखी काय अडचणी असतात? थंडीने इंधन गोठतं असं ऐकलंय.

---

मेघवाट:

गोठू शकतं, म्हणून त्यावर लक्ष ठेवतात. जेट ए-१ चा गोठणबिंदू उणे ४७, अमेरिकेत वापरतात त्या जेट ए चा उणे ४०. पंखातलं इंधन तासन्‌तास थंडीत राहिलं की त्याचं तापमान घसरत जातं. मर्यादेच्या जवळ आलं की वैमानिक उंची बदलून कमी थंड थर शोधतो किंवा वेग वाढवतो.

दुसरी अडचण संपर्काची. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, त्यामुळे ८० अंशांच्या पलीकडे ते क्षितिजाखाली जाऊ लागतात. तिथे पूर्वीपासून उच्च वारंवारितेच्या रेडिओवर भिस्त. आणि सौरवादळ आलं की नेमका तोच रेडिओ बिघडतो, शिवाय किरणोत्सारही वाढतो. अशा दिवशी ध्रुवीय मार्ग सोडून देतात.

तिसरी गोष्ट पर्यायी विमानतळांची. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात उतरण्याजोगा विमानतळ हवा. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि दोन इंजिनांची विमानं अटलांटिकवर नियमित दिसू लागली. ए-३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंत मान्यता आहे. मर्यादा जितकी कमी तितका मार्ग किनाऱ्याकडे आणि बेटांकडे वाकतो. दक्षिण गोलार्धात हे फार जाणवतं. नकाशावेडा यांनी सांगितलेल्या सिडनी–सांतियागो मार्गावर खाली पाणी आणि बर्फ याशिवाय काही नाही, म्हणून तिथे चार इंजिनांची विमानं पुष्कळ वर्षं टिकली.

---

तळटीप:

तिकिटावरचा वेळ आणि हवेतला वेळ यांचाही गोंधळ होतो, म्हणून लिहितो. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. विमान उभ्या जागेवरून हललं तिथपासून ते पोचून पुन्हा उभं राहिलं तिथपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतचा रांगेतला वेळ आला, उतरल्यावर गेटपर्यंतचा आला. मोठ्या, गजबजलेल्या विमानतळांवर दोन्हीकडचा मिळून अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिवाय कंपन्या उशिराची शक्यता धरून थोडी मोकळीक ठेवतात. लवकर पोचलो असं वाटतं तेव्हा बहुधा ही मोकळीक न वापरता उरलेली असते.

---

पैलतीर:

आणि स्थानिक वेळ? न्यूयॉर्कहून रात्री निघून सिंगापूरला परवा पहाटे, हे वाचून डोकं गरगरतं.

---

गणिती_कीडा:

दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणा, मगच वजाबाकी करा. समजा हिवाळा आहे आणि विमान न्यूयॉर्कहून सोमवारी रात्री १० ला निघालं. न्यूयॉर्क प्रमाणवेळेच्या ५ तास मागे, म्हणजे प्रमाणवेळेत मंगळवार पहाटे ३. साडेअठरा तास मिळवा: मंगळवार रात्री साडेनऊ. सिंगापूर ८ तास पुढे: बुधवार पहाटे साडेपाच. मंगळवारचा दिवस जवळजवळ अख्खा हवेत गेला.

उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळं एक तास पुढे जातात, सिंगापूरची नाही. त्यामुळे तेरा तासांचा फरक बारा होतो. वेळापत्रकात उन्हाळी आणि हिवाळी आकडे वेगळे दिसले की ते वाऱ्यामुळे की घड्याळामुळे हे तपासून घ्या. बहुतेक वेळा दोन्हीमुळे.

---

जुनी_पाने:

सर्वांत लांब उड्डाण म्हणजे किलोमीटरने की तासांनी, हाही प्रश्न आहेच. १९४३ ते १९४५ या काळात क्वांटासच्या कॅटलिना सागरी विमानांनी पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गलापर्यंत फेऱ्या केल्या. अंतर साडेपाच हजार किमीच्या आसपास, आज सात-आठ तासांचं काम. तेव्हा सत्तावीस ते तेहतीस तास लागत. जपानी विमानांच्या टप्प्यातून रेडिओ बंद ठेवून, ताऱ्यांवरून दिशा धरत जावं लागे. प्रवाशांना वाटेत दोन सूर्योदय दिसत, म्हणून त्या सेवेचं नावच 'दुहेरी सूर्योदय' पडलं. इतका वेळ हवेत राहिलेली नियमित प्रवासी सेवा पुन्हा झाली नाही.

---

शंकासूर:

मग सिडनी–लंडन विनाथांबा होणार म्हणतात, त्याला किती तास धरायचे? अंतर १७,०१६ किमी दिसतंय. भागिले नऊशे केलं तर एकोणीस तास येतात, पण आता त्यावर विश्वास ठेवणार नाही.

---

दिगंश:

ठेवू नकाच. क्वांटासने २०२२ मध्ये यासाठी बारा ए-३५०-१००० विमानं मागवली. त्यांत जादा २०,००० लिटरची टाकी आहे आणि कंपनी बावीस तासांपर्यंतच्या उड्डाणांची भाषा करतेय.

आजवर हा प्रवास विनाथांबा करून दाखवला गेला त्या उड्डाणांकडे जरा बारकाईने पाहा. ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटासचं नवं ७४७-४०० जवळजवळ रिकामं, २० तास ९ मिनिटांत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ७८७-९, पन्नासेक माणसं घेऊन, १९ तास १९ मिनिटांत. दोन्ही लंडनहून सिडनीला, म्हणजे वाऱ्याबरोबर. भरलेलं विमान रोज सिडनीहून लंडनला नेणं हे त्याहून कठीण काम आहे, आणि बावीस तासांची तयारी मुख्यतः त्या दिशेसाठी आहे असं मी समजतो. वेळापत्रक जाहीर झालं की दोन्ही दिशांचे आकडे आणि दोन्ही ऋतूंचे आकडे याच धाग्यावर टाकीन.